दाराचे पाद्रिनो, डेप्युटी ग्रब

माझ्या नवऱ्याला सोडवण्यात ज्यांचे ज्यांचे हात लागले, त्या सगळ्यांचे आभार मी मानलेत. वकीलबाईंचे मानले, जजबाईंचे मनातल्या मनात मानले, छापखान्यातल्या मशीनवरून सुद्धा एकदा हात फिरवून आले. पण पहिला नंबर डेप्युटी ग्रबचा, म्हणजे शेरीफच्या हाताखालच्या पोलिसाचा. आता तुम्ही म्हणाल, अगं ओफेलिया, तुझ्या नवऱ्याला पकडलं ते ह्याच ग्रबने ना? हो, ह्यानेच. तरी पहिला नंबर त्याचाच.

त्याचं काय झालं, आमच्या वस्तीतल्या वडीलधाऱ्या डोन्या हर्लिंदाच्या नातीचा पंधरावा वाढदिवस आला होता. सरहद्दीपलीकडून आलेल्या आमच्या लोकांत मुलीचा पंधरावा म्हणजे लग्नाची रंगीत तालीमच. हॉल, बँड, केक, नाच, रडारड, सगळं. आणि हे सगळं एकटं घर कधीच करत नाही. केकचा खर्च एकाने उचलायचा, बुटांचा दुसऱ्याने, फुग्यांचा तिसऱ्याने. ज्याने जे उचललं तो त्या गोष्टीचा पाद्रिनो, बाई असली तर पाद्रिना, आणि त्याचं नाव पत्रिकेत सोनेरी अक्षरांत छापून येतं. नाव राहिलं तर माणूस दोन-दोन वर्षं बोलत नाही. आम्ही ड्रेस उचलला होता. म्हणजे माझा नवरा रुतिलियो झाला ड्रेसचा पाद्रिनो.

ड्रेस जांभळा, आणि घेर असा की खाली तीन कोंबड्या अंडी घालून बसल्या तरी कळणार नाही. शिवणाऱ्या बाईने बजावलं, घडी घालायची नाही. मग रुतिलियोने काय करावं? ड्रेस शिवणकामाच्या पुतळ्यासकट उचलला आणि पिकअपमध्ये स्वतःच्या शेजारी बसवला. पुतळ्याला डोकं नाही, हात नाहीत, आणि घेराखाली सीटचा पट्टा काही सापडेना. तसाच निघाला.

काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, रस्त्यावर ग्रबने गाडी थांबवली. त्याला मागून दिसलं ते एवढंच, की एक बाई पट्टा न लावता बसली आहे आणि तिने डोकं खाली घातलंय. कमरेच्या बंदुकीवर हात ठेवून तो खिडकीशी आला.

"मॅडम, डोकं वर करा."

मॅडम गप्प.

"मॅडम! हात दिसतील असे ठेवा!"

रुतिलियोला इंग्रजीचे चाळीस शब्द येतात, त्यातले तीस अळिंबीचे. आम्ही सगळे इथे अळिंबीच खुडतो ना, अंधाऱ्या शेडमध्ये, कपाळाला दिवा बांधून. उरलेल्या दहा शब्दांतून त्याने होते तेवढे जमवले आणि खूप आदराने सांगितलं, "सर, हिला डोकं नाही."

ग्रबने आणखी दोन गाड्या बोलावल्या.

खरा प्रकार कळल्यावर तिघेही पोटभर हसले म्हणे. तिघांनी पुतळ्याबरोबर फोटो काढले. मग त्यातल्या एकाला आठवलं, की अरे, लायसन्स विचारायचं राहिलंच. आमच्या राज्यात आमच्यासारख्या बिनकागदाच्या माणसांना लायसन्स देतच नाहीत. झालं, रुतिलियोच्या हातात बेड्या. पिकअप ओढून न्यायला आलेल्या माणसाने मात्र पुतळ्याला आधी पट्टा लावला. तो कायदा पाळणारा होता.

हे मंगळवारी. बुधवारी छोट्या कोर्टाच्या जजने टीव्हीच्या पडद्यावरून रुतिलियोला दंड केला, मी तो तिथल्या तिथे भरला आणि जज म्हणाला, जा घरी. मी आणि डोन्या हर्लिंदा तशाच तुरुंगाच्या खिडकीशी गेलो. खिडकीत ग्रब. मला बघून त्याचे कान लाल झाले. माणूस वाईट नाही हो, गोल चेहऱ्याचा आहे, आणि गोल चेहऱ्याच्या माणसाची लाज लवकर दिसते.

"ताई, झालं सगळं," तो म्हणाला. "आमच्याकडचे कागद पूर्ण. उद्या गुरुवारी सकाळी दहाला सोडतो. दार मी स्वतः उघडेन."

डोन्या हर्लिंदाने हे शेवटचं वाक्य कसं ऐकलं ते तुमच्या लक्षात आलं असेल. तिच्या हिशोबी, जो माणूस आपण होऊन म्हणतो की दार मी उघडतो, तो दाराचा पाद्रिनो. तिने लगेच पिशवीतून पाद्रिनोंची वही काढली. ह्या वहीत तिचा जीव आहे. जो जे उचलेल त्याने त्यात स्वतःच्या हाताने लिहायचं, तारीख घालायची, सही करायची. नाहीतर आयत्या वेळी लोक म्हणतात, मी कुठे तीन मजली केक म्हटलं होतं, मी तर एक मजली म्हटलं होतं.

"आत्ता म्हणालास तेच लिही रे बाबा," तिने वही खिडकीतून आत सरकवली आणि मी ते इंग्रजीत सांगितलं.

ग्रबला वाटलं, वाढदिवसाला शुभेच्छा लिहायची वही आहे. जीभ बाहेर काढून त्याने छान लिहिलं, की रुतिलियोची केस आमच्याकडून पूर्ण, ठेवायला काही कारण उरलेलं नाही, गुरुवारी दहाला दार मी उघडणार. खाली तारीख, सही आणि एक हसरा चेहरा. डोन्या हर्लिंदाने जागच्या जागी चर्चच्या महिला मंडळाचा शिक्का मारला.

गुरुवारी दहाला तुरुंगाच्या दाराशी आम्ही तीस-एक माणसं होतो. सुटकेला सुद्धा पाद्रिनो नेमले होते, डोन्या हर्लिंदा काय गप्प बसते? फुगे होते, मक्याच्या पानात वाफवलेले तामाले होते, तीन दुधांचा केक होता आणि सहा जणांचा बँड होता. ट्युबा नावाचा मोठा भोंगा वाजवणारा सुट्टी मिळाली नाही म्हणून शेडमधून तसाच आला होता, कपाळावरच्या दिव्यासकट.

दहा वाजले. बँडने सुरुवात केली. दार उघडलं आणि बाहेर आला ग्रबचा साहेब, शेरीफ टकर, हॅट घालून.

"कोणाचा वाढदिवस आहे?" त्याने विचारलं.

"सुटका आहे," मी म्हटलं. "माझ्या नवऱ्याची."

"सुटका नाही. इमिग्रेशन ऑफिसची विनंती आलीय, ठेवून घ्या म्हणून. उद्या अकराला त्यांची व्हॅन येईल."

व्हॅन म्हणजे काय ते आमच्या वस्तीत पोरासोरांना ठाऊक आहे. व्हॅनमध्ये बसलेला माणूस तीन राज्यं पलीकडे जातो, मग चार महिन्यांनी तिकडून, सरहद्दीपलीकडून, फोन करतो. आमचं लग्न होऊन एकोणीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत रुतिलियो माझ्यापासून लांब राहिला तो फक्त एकदा, अपेंडिक्सच्या ऑपरेशनला, आणि तेव्हाही तीन दिवसांत टाके घेऊन पळून आला होता.

"विनंती?" डोन्या हर्लिंदा मधे पडली. "विनंतीच ना? मग नाही म्हणा की! मला माझा जावई रोज विनंत्या करतो."

शेरीफला भाषा कळली नाही, सूर कळला. तो बँडला म्हणाला, वाजवणं बंद करा. बँडवाल्यांना वाटलं, आवडलं नाही, दुसरं वाजवा म्हणतोय. त्यांनी आणखी जोरात, नाचायचं लावलं. नंतर रुतिलियो म्हणाला, आत बारा जण जेवणाच्या टेबलाभोवती नाचले आणि एका पहारेकऱ्याने ठेका धरला.

मी नाचले नाही. मी धुलाईच्या दुकानामागच्या मोफत वकिलांच्या ऑफिसात पळत गेले, मागून डोन्या हर्लिंदा.

वकीलबाई ओडम वयाने लहान, चष्मा मोठा. आमची भाषा त्या कॉलेजात शिकल्यात, त्यामुळे बोलतात ते देवळात बोलल्यासारखं. "आदरणीय बाईसाहेब, आपण बसावे," असं. पण सगळं ऐकल्यावर त्यांनी टेबलावर मूठ आपटली ती अगदी आमच्यासारखी.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "त्या विनंतीवर कुठल्याही जजची सही नसते. स्थानिक केस संपल्यावर नुसत्या विनंतीवर माणूस ठेवणं म्हणजे त्याला नव्याने अटक करणं. तेही बिनवॉरंटची. आपण मोठ्या कोर्टात अर्ज करू, की माणूस समोर आणा आणि कुठल्या अधिकाराने ठेवलाय ते सांगा. फक्त एक अडचण आहे. केस संपली हे दाखवणारा तुरुंगातला कागद मी मागितला, तर म्हणाले तो आतला कागद आहे, बाहेर देत नाही."

वहीचं आम्ही काही बोललो नाही. बोलणार काय? ती आमची घरातली गोष्ट. केक कोणी आणला हे वकिलाला कोण सांगतं?

अर्ज साडेचारच्या आत द्यायचा होता. ऑफिसच्या प्रिंटरमध्ये शाई नव्हती. पण तोवर डोन्या हर्लिंदाने खटल्यालाही पाद्रिनो नेमून टाकले होते. गाडी चालवण्याचे पाद्रिनो, स्टेपलरचे पाद्रिनो, वकीलबाईंच्या कॉफीच्या पाद्रिना. वकीलबाईंना वाटलं, ही माणसं फार शिस्तीची आहेत. आणि छपाईचे पाद्रिनो झाले कोम्पाद्रे सेलेरिनो, आमच्या थोरल्याचे धर्मपिता. सकाळी अळिंबी खुडतात, दुपारनंतर गॅरेजमध्ये लग्नाच्या आणि पंधराव्याच्या पत्रिका छापतात. वकीलबाईंनी त्यांना पेन ड्राइव्ह दिला आणि म्हणाल्या, "जसं आहे तसं. चार प्रती."

कोम्पाद्रे आले ते चार वाजून दहा मिनिटांनी, हातात खोका घेऊन. वकीलबाईंनी झाकण उघडलं आणि त्या खुर्चीत बसल्या.

जाड, सायीच्या रंगाचा कागद. चारी बाजूंनी सोनेरी नक्षी. वरच्या कोपऱ्यात उडणारं कबुतर, चोचीत फीत. मधे कायद्याचा मजकूर, जसाच्या तसा, कलमांसकट. आणि शेवटी एक जास्तीचं पान. पाद्रिनोंची यादी.

"कोम्पाद्रे, हे काय केलंत?" मी ओरडले.

"काय केलं म्हणजे? साध्या कागदावर देऊ? रुतिलियो काय कुत्र्याच्या लसीची जाहिरात आहे?"

"हे कोर्ट आहे, लग्न नाही!"

"मग? कोर्टाला काय इज्जत नसते?"

पुन्हा छापायला वेळ नव्हता. वकीलबाई पांढऱ्याफटक चेहऱ्याने कोर्टात गेल्या, मागून आम्ही. खिडकीतल्या कारकुनाने पट्टी काढून कागद मोजला. लांबी बरोबर. समास बरोबर. अक्षराचा आकार बरोबर. मग तो बराच वेळ नियमांचं पुस्तक चाळत बसला. कबुतराबद्दल त्यात काहीच नव्हतं. शेवटी त्याने शिक्का मारला, थेट पंखावर.

सुनावणी लागली शुक्रवारी नऊला. व्हॅन अकराची.

जज हॅस्केलबाई सत्तरीच्या, केस बर्फासारखे, आणि हसण्याचं नाव नाही. रुतिलियोला नारिंगी कपड्यांत, बेड्या घालून आणलं आणि आणणारा कोण, तर ग्रब. रुतिलियोने मला शोधलं आणि हळूच हात हलवला, म्हणजे दोन्ही हलवावे लागले.

"अर्जदारातर्फे कोण?" जजबाईंनी विचारलं.

दुभाष्याने ते आमच्या भाषेत सांगितलं आणि आम्ही एकतीस जण उभे राहिलो.

"वकील कोण?" जजबाईंनी सुधारून विचारलं. आम्ही बसलो.

काउंटीचा वकील बारीक टाय लावलेला, साखरेसारखा गोड बोलणारा. म्हणाला, "बाईसाहेब, आम्ही कोणालाही जास्तीचं ठेवलेलं नाही. ह्या माणसाचं आमचं स्वतःचं कागदपत्रांचं काम अजून चालू आहे. बोटांचे ठसे वगैरे. ते आज अकराच्या सुमारास संपेल. त्या विनंतीचा आणि ह्याचा काही संबंध नाही."

अकराच्या सुमारास! असं म्हणताना पापणी सुद्धा हलली नाही त्याची. शेरीफ टकर मान डोलावत होता. वकीलबाई उठून भांडल्या, फार चांगलं भांडल्या, पण हातात कागद नव्हता आणि घड्याळ पावणेदहा दाखवत होतं. जजबाई अर्ज पुढे-मागे उलटत होत्या. त्यांच्या बोटाला सोनेरी चमक लागली होती. ती त्यांनी कोटाला पुसली, तर आता कोटही चमकायला लागला.

"वकीलबाई, हे शेवटचं पान काय आहे?"

"बाईसाहेब, त्याकडे कृपया दुर्लक्ष करावं. छपाईत चूक झाली."

"चूक?" कोम्पाद्रे मागून पुटपुटले. "चूक म्हणे!"

"मला समजून घ्यायचंय," जजबाई दुभाष्याला म्हणाल्या. "वाचा."

दुभाष्याने घसा साफ करून वाचायला घेतलं. "छपाईचे पाद्रिनो, श्री. सेलेरिनो." आता आमच्या हॉलमध्ये नाव पुकारलं की त्या माणसाने उभं राहून छातीवर हात ठेवायचा असतो. कोम्पाद्रे उभे राहिले. "स्टेपलरचे पाद्रिनो…" तेही उभे राहिले. कॉफीच्या पाद्रिना उभ्या राहिल्या, पदराला डोळे पुसावेत तशा शालीला पुसत. कोर्टाचा शिपाई बसा म्हणावं की न म्हणावं ह्या विचारात पडला.

"दाराचे पाद्रिनो," दुभाष्याने वाचलं, आणि थांबला. मग पुन्हा वाचलं. "दाराचे पाद्रिनो, डेप्युटी ग्रब."

माझ्या नवऱ्याशेजारी उभ्या ग्रबचा हात वर्गात हजेरी द्यावी तसा आपोआप अर्धा वर गेला.

शेरीफची खुर्ची करकरली.

"डेप्युटी," जजबाई म्हणाल्या, "तुम्ही ह्या अर्जात काय करताय?"

"मला माहीत नाही, बाईसाहेब."

"मला माहीत आहे," डोन्या हर्लिंदा उठली आणि पिशवीतून वही काढली. "खोटं कशाला बोलू? ह्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलंय. आणि गुरुवारी दार उघडलं नाही. आमच्यात असं केलं तर पुढच्या पत्रिकेत नाव घेत नाहीत. मी तरी घेतलं."

वकीलबाईंनी ती वही अशी झडप घालून घेतली, की चष्मा खाली पडला. पान वाचलं. पुन्हा वाचलं. मग दोन्ही हातांत धरून, हसऱ्या चेहऱ्यासकट, जजबाईंसमोर ठेवलं.

काउंटीचा वकील उठला, "माझी हरकत आहे, ही तर वाढदिवसाची वही आहे!"

"मग तुमच्या माणसाने वाढदिवसाला फार सविस्तर शुभेच्छा दिल्यात," जजबाई म्हणाल्या. ग्रबला शपथ दिली. "हे अक्षर तुमचं?"

ग्रबने शेरीफकडे बघितलं. मग रुतिलियोकडे. कान लालबुंद. मी मनात म्हटलं, संपलं, हा आता म्हणणार की माझं नाही. नोकरी कोणाला नको असते? त्याला दोन पोरं आहेत, मी बघितलीत दुकानात.

"माझं आहे," ग्रब म्हणाला.

"लिहिलंय ते खरं?"

"खरं, बाईसाहेब. बुधवारीच सगळं संपलं होतं. ठसे मीच घेतले, मंगळवारी. मी गुरुवारी दहाला किल्ली घेऊन निघालोही होतो. साहेब म्हणाले, थांब."

"कशासाठी?"

"त्या विनंतीसाठी."

जजबाईंनी विनंतीचा कागद मागवला. वरून खाली वाचला, मागची बाजू बघितली. "ह्यावर जजची सही कुठे आहे?"

"नसते, बाईसाहेब," टायवाला म्हणाला. गोडवा जरा कमी झाला होता.

"वॉरंट?"

"नाही."

"म्हणजे काल सकाळी दहापासून हा माणूस तुमच्या तुरुंगात कशाच्या जोरावर आहे?"

टायवाला काहीतरी सहकार्य, परंपरा, सद्भावना असं बोलायला लागला. जजबाईंनी हात वर केला. "बेकायदा," त्या म्हणाल्या. "इथल्या इथे सोडा. तुरुंगात परत न्यायचं नाही, ह्याच खोलीतून घरी जाऊ दे."

बेड्या ग्रबनेच काढल्या. किल्ली दोनदा हातातून पडली. दुसऱ्यांदा ती रुतिलियोने वाकून उचलून दिली आणि म्हणाला, "थँक यू, सर." बघा म्हणजे, तीन दिवस ज्याने डांबलं त्यालाच! पण मीही तेच म्हटलं. आम्ही सगळ्यांनीच म्हटलं. एकतीस जण एकेक करून ग्रबचा हात हातात घेऊन गेले आणि तो प्रत्येकाला म्हणत होता, "सॉरी, सॉरी." महिन्याभराने त्याला शाळेपुढे पोरांना रस्ता ओलांडून द्यायच्या कामावर टाकलं. मी दर शुक्रवारी तिथे तामाले पोचवते. तो म्हणतो, हे काम जास्त बरं आहे, इथे कोणाला थांबवलं तर दोन मिनिटांनी सोडता येतं.

कोर्टाच्या बाथरूममध्ये रुतिलियोने मी नेलेले कपडे घातले. नारिंगी कपडे नीट घडी करून शिपायाकडे दिले. वकीलबाई म्हणाल्या, "आदरणीय साहेब, आता त्वरेने गृही जावे. हा हुकूम काउंटीला आहे, व्हॅनवाल्यांना नाही. त्यांची लढाई आपण वेगळी लढू, सोमवारी माझ्याकडे या." मी त्यांना मिठी मारली. त्यांच्या कोटालाही चमकी लागली होती.

आम्ही बाहेर पार्किंगमध्ये आलो. कोम्पाद्रेंनी गाडी सुरू केली, त्यांच्याकडे कागद आहेत, म्हणून लायसन्सही आहे. रुतिलियो दार उघडून उभा होता, ऊन तोंडावर घेत, आत काही बसेना. आणि तेवढ्यात एक पांढरी व्हॅन येऊन आमच्या शेजारी थांबली. खिडक्यांना जाळी.

काच खाली झाली. आत काळ्या चष्म्याचे दोघे. एकाच्या हातात कागद.

"ए मित्रा," चालवणारा रुतिलियोला म्हणाला, "काउंटीचा तुरुंग कुठे आहे? हा फोनमधला नकाशा आम्हाला सारखा कोर्टात आणतोय."

मी मनात सगळ्या देवांना हाका मारल्या. आणि माझा नवरा, देव त्याला उदंड आयुष्य देवो, पुढे गेला, खिडकीशी वाकला आणि त्याच्या त्या चाळीस शब्दांत, हातवारे करून, अगदी मन लावून रस्ता सांगायला लागला. सरळ जा. चर्चपाशी डावीकडे. पेट्रोल पंप येईल, तिथे नाही, त्याच्या पुढे.

"थँक्स, बडी," तो माणूस म्हणाला, आणि व्हॅन गेली.

मी पर्सने रुतिलियोच्या पाठीत दोन ठेवून दिल्या. "मेल्या! तुला काय गरज होती?"

"अगं, त्याने विचारलं," तो म्हणाला. त्याचे ओठ थरथरत होते, तेव्हा मला कळलं, त्यालाही सगळं कळलं होतं. "तीन दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी मला काही विचारलं आणि उत्तर ऐकायला थांबलं. नाही कसं म्हणू?"

मग तो गाडीत बसला, माझा हात धरून. व्हॅन डावीकडे गेली होती, म्हणून कोम्पाद्रेंनी गाडी उजवीकडे घेतली. त्या रस्त्याने घर बावीस मैल लांब पडतं. कोणी तक्रार केली नाही.